घरातलं संपू दे

"आक्का, माझ्या दुकानापुढनं जाताना तुमची मान बरोबर तेवढ्यापुरती वाकडी हुतीय बघा. डॉक्टरला दावा एकदा."

गुंडूआण्णाने हे तागडीतली साखर न सांडता, वर न बघता म्हटले. शेवंताबाईंना थांबावे लागले. पायरीवर दोन बायका आणि एक दूधवाला उभा होता, आणि सदर बाजारातल्या त्या गल्लीत टोमणा ऐकून माणूस मुकाट पुढे गेला, की टोमणा खरा धरतात.

"मान सरळच हाय. घ्यायचंच काय न्हाय, तर तुझ्या दुकानाकडं बघू कशाला?"

"दिवाळीपास्नं काडीपेटी सुदीक न्हेली न्हाईसा. त्या नव्या बाजारात जाताय म्हनं. गार वारं सोडत्यात तितं."

"कोन म्हनतंय?"

"गल्ली म्हनतीय."

"गल्लीला म्हनावं, माझ्या घरात येऊन डबं बघा. घरात हाय ते संपू दे की आदी."

"आनि संपल्यावर?"

"संपल्यावर पुन्याला!" शेवंताबाईंनी पदर खांद्यावर घट्ट केला. "बुद्धपौर्णिमेला प्रसेनजीत येनार हाय न्यायला. कायमचं."

गुंडूआण्णाने आता वर पाहिले. "म्हंजे माझं गिऱ्हाईक कायमचं बुडालं म्हना की."

"तुझं काय बुडतंय? माझ्या खानावळीच्या जिवावर दुकानाला लोखंडी शटर लावलंस. ते काय मी काढून न्यायला न्हाय लागलो."

बायका हसल्या. गुंडूआण्णाही हसला, कारण शटरची गोष्ट खोटी नव्हती.

शेवंताबाई कांबळ्यांची खानावळ त्या गल्लीत पंचवीस वर्षे चालली. नवरा मार्केट यार्डात हमाल होता. तो गेला तेव्हा प्रसेनजीत चड्डीत होता. कागल, बिद्री, कबनूरकडची पोरे शिकायला कोल्हापुरात यायची, खोल्या घेऊन राहायची आणि दोन वेळा शेवंताबाईंच्या पडवीत येऊन बसायची. रस्सा वाटीने, भाकरी भुकेइतकी, असा तिथला कायदा. वाटीला हिशेब होता आणि भाकरीला नव्हता. तरीही खानावळ तोट्यात गेली नाही, कारण शेवंताबाईंच्या घरातून खरकट्याखेरीज काही बाहेर पडत नसे. सकाळचा भात संध्याकाळी फोडणीला, उरलेल्या भाकऱ्या दुसऱ्या दिवशी कुस्करून कांद्यावर, रश्शाचा तळ पिठात मळून धपाटी. आणि या सगळ्या फिरवाफिरवीतूनही जे उरे, ते प्रसेनजीतला. पोरांनी महिन्याचे पैसे भरलेले असत, म्हणून गरम त्यांना. प्रसेनजीत घरचा. घरच्याने पैसे भरलेले नसतात.

हे त्याला कधी लागले की नाही, ते कुणी विचारले नाही. तो शिकला, पुण्याला कंपनीत लागला, संघप्रियाशी लग्न केले, फ्लॅट घेतला. इकडे शेवंताबाईंचे गुडघे गेले आणि पोरे चायनीजच्या गाडीवर जायला लागली. दोन्ही एकाच वर्षी झाले. दसऱ्याला खानावळ बंद केली. बंद पोती होती ती त्यांनी पलीकडच्या बोळातल्या शालूबाईच्या खानावळीला विकली. उरले ते डबे. उघडलेला, तोंड फोडलेला माल विकायचा नाही, ही त्यांची रीत. असे डबे काही थोडे नव्हते. तांदूळ, गहू, मसूर, हुलगे, चवळी, शेंगदाणे, शेवया, सांडगे, गुळाची अर्धी ढेप, चिंचेचे गोळे आणि चटणीची बरणी.

"वाटून टाका की," कुणीतरी सुचवले.

"देऊन रिकामं झाल्यालं घर येगळं आनि खाऊन रिकामं झाल्यालं येगळं," त्या म्हणाल्या. "देऊन रिकामं झालं म्हंजे बुडाली म्हनत्यात."

जायचा करार झाला तो दिवाळीत. आठवडाभर पुण्याला राहून त्या परत निघाल्या, तेव्हा बसमध्ये बसवता बसवता प्रसेनजीत म्हणाला, "एकटी कशाला राहतीस तिकडं? येऊनच टाक." मुलगे बसमध्ये बसवताना असे बोलतात. कंडक्टर घंटी मारायच्या बेतात असतो, त्यामुळे फार खोलात जावे लागत नाही. पण शेवंताबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून पक्के केले. "घरातलं संपू दे. मग येतो."

"बरं. बुद्धपौर्णिमेला येतो न्यायला," तो म्हणाला.

म्हणणाऱ्याने शब्द खर्ची टाकला. ऐकणारीने तो जमेला धरला. अशी नोंद फार दिवस जुळत नाही. पण हे त्या दिवशी कोण बघणार?

आता संपवणे हे काम दिसते तितके सोपे नसते. डबे एका वेगाने संपत नाहीत. आधी गहू गेले आणि शेवया तशाच राहिल्या, म्हणून आमटीबरोबर चपातीऐवजी शेवया आल्या. हुलगे तर वाढतात की काय अशी शंका यावी इतके टिकले; सकाळी हुलग्याचे माडगे, रात्री हुलग्याची उसळ. शेंगदाण्याचा कूट कशातही पडू लागला. भाजी विकत आणायची नाही हे ठरलेलेच होते. शेजारच्या खतिजाच्या परसात शेवगा होता, त्याचा पाला फुकट होता आणि खतिजाला तो तोडायचा कंटाळा होता.

त्यात हाताला पंचवीस जणांची सवय. एकटीपुरती आमटी त्यांना जमेचना. पातेले कितीही लहान घेतले तरी ते भरायचेच. एकदा केलेली आमटी तीन दिवस चाले, आणि तिसऱ्या दिवशी आमटीलाही आपला कंटाळा आला असावा असे त्यांना वाटे. शिवाय त्या इतकी वर्षे वाढत आल्या होत्या, बसून जेवल्या नव्हत्या. आता ताटावर बसले की समोरून 'वाढू काय?' म्हणणारे कोणी नसायचे, आणि आपल्याच ताटात आपण दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे म्हणजे काहीतरी चोरून खाल्ल्यासारखे होई. त्यामुळे त्या एकदाच वाढून घेत आणि भूक राहिली तर राहू देत.

खतिजा पाला द्यायला आली की पातेल्यावरचे झाकण उचलून बघायची. तिला तो हक्क होता. मधली भिंत एक, नळ एक, आणि फोन खतिजाकडे असल्यामुळे प्रसेनजीतचा फोनही तिच्याच घरी यायचा.

"या अल्ला! शेवंताक्का, मसुरात शेवया?"

"पोटात गेल्यावर वळखत्यात व्हय एकमेकांस्नी?"

"पोरानं फ्लॅट घेतला, त्याचा हप्ता तुमी पोटातनं काढालायसा वाटतं."

"हप्ता त्याचा त्यो भरंल. पर जाताना घर सोच्च करून जायाचं. आनि तितं गेल्यावर बघ तू. दिवाळीत आठवडाभर हुतो, संघप्रियाला एक पिशवी सामान आनू दिलं न्हाय मी." शेवंताबाईंचा आवाज इथे चढला, ही गोष्ट त्या पहिल्यांदा सांगत नव्हत्या. "कपाटाच्या मागनं काय काय निघालं म्हनून सांगू! डाळी, राजगिरा, कसली कसली पाकिटं, तारीख उलटून गेल्याली. फ्रीजमदी तर नुसत्या वाट्याच वाट्या. हे ठेवल्यालं, ते झाकल्यालं. सगळं बाहीर काढलं, वट्ट्यावर मांडलं, निवडलं, रांधलं. निघताना उरल्यासुरल्या डाळी भाजून, साखर घालून नातीसाठी, अक्षतासाठी, लाडवाचं पीठ दळून आनलं आनि डबा भरून ठिवून आलो."

"सून काय म्हनाली?"

"काय म्हनतीय? दारात उभा ऱ्हाऊन बघत हुती. शिकली आसंल."

खतिजा शेवग्याच्या काड्या वेगळ्या करत राहिली. तिच्या स्वतःच्या घरात आफशीन नावाची सून होती, त्यामुळे काही बेरजा तिला न मांडताच दिसत.

एप्रिल लागला आणि गल्लीतल्या गच्च्या, पत्रे, खाटा मिरच्यांनी लाल झाल्या. वर्षभराचा तिखट मसाला, म्हणजे इकडची चटणी, करायचे दिवस. कोल्हापुरात घरात माणूस गेले तरी बायका चटणी पुढे ढकलतात, रद्द करत नाहीत. खतिजा आणि शेवंताबाई दरवर्षी मिरच्या एकत्र आणायच्या, डंकावर एकत्र नंबर लावायच्या आणि आपापला मसाला कुटून होईपर्यंत दुसरीच्या मसाल्याला नाव ठेवायच्या.

"ह्या साली तुमचं किती धरू?" खतिजाने विचारले.

"माझं धरू नको."

"म्हंजे?"

"चटनी करनार न्हाय."

खतिजा उंबऱ्यावर बसलीच. "बरं हाय न्हवं तुमचं?"

"मला काय धाड भरलीय? पुन्याला जानाऱ्या बाईनं वर्साची चटनी करून कुठं मांडायची? संघप्रिया म्हनालीच हुती, आई, हितं येताना काय बी आनू नका, जागा न्हाय."

"जाईपातूर तरी लागंल की."

"बरनीच्या बुडाला हाय. पुरवतो."

"शेवंताक्का, ऐका माझं. दोन किलोची करून ठिवा. गेलासा तर मी खाईन."

"तुझी सून खाऊ देतीय व्हय तुला माझी चटनी?" शेवंताबाई हसल्या आणि विषय मिटला. गल्लीने मात्र तो मिटवला नाही. जी बाई आमटीत शेवया घालून खाते ती आता चटणीचेही पैसे वाचवते, आणि एवढे साठवून ती करणार काय, यावर गुंडूआण्णाच्या पायरीवर बरीच चर्चा झाली.

रविवारी प्रसेनजीतचा फोन आला.

"आई, कसं चाललंय? संपलं का सामान?"

"संपत आलं बाबा. हुलगं हायत थोडं, तांदूळ हाय खिरीपुरतं."

"सावकाश होऊ दे. घाई करू नको."

"घाई कसली? चटनी बी केली न्हाय ह्या साली."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग तो म्हणाला, "करायचीस की थोडी. असू दे घरात."

"कशाला? तू येनारच हाईस न्यायला."

"येतो, येतो. पण तू सावकाश आवर."

फोन ठेवून शेवंताबाई खतिजाकडे वळल्या. "कसं मायेनं बोलतंय बघ. दोनदा म्हनालं, सावकाश."

"दोनदा म्हनाला व्हय," खतिजा म्हणाली, आणि फोनवरचे कापड उगाच सारखे केले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हुलगे संपले. पौर्णिमेला सकाळी शेवंताबाई विहारात जाऊन वंदना करून आल्या, खतिजाकडून उसने नको म्हणून दूध स्वतः जाऊन आणले आणि शेवटच्या तांदळाची, शेवटच्या गुळाची खीर केली. तेलाची किटली पुसली. मिठाचा डबादेखील धुतला. मग सगळे डबे घासून दारापुढच्या उन्हात पालथे घातले. इतके पालथे डबे त्या गल्लीने एकदम कधी बघितले नव्हते. येणारा-जाणारा वाट काढून जात होता. पांढरे पातळ नेसून, गाठोडे बांधून शेवंताबाई खीर झाकून बसल्या. घर रिकामे केल्याचा एक प्रकारचा माज त्यांच्या चेहऱ्यावर होता. परीक्षेत शेवटचे गणितही सुटलेल्या पोराच्या चेहऱ्यावर असतो तसा.

प्रसेनजीत दुपारी आला. एकटा, आणि खांद्यावर छोटी बॅग. आईला कायमची न्यायला येणारा माणूस गाडी घेऊन येतो, निदान रिकामी मोठी पिशवी तरी आणतो. आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या चालीवरून त्याची भूक ओळखणाऱ्या बाईला हे दिसले नसेल असे नाही. पण त्यांनी वाटी भरली.

त्याने खीर खाल्ली. दुसरी वाटीही खाल्ली. मग बोटे चाटत म्हणाला, "आई, गोड झालं. आता भाकरी टाक की दोन. आणि तुझी चटणी दे तेल घालून. पहाटे चहावर निघालोय."

शेवंताबाई उठल्या नाहीत.

"प्रवासाला निघताना भरलेल्या पोटानं बसू नये. मळमळतंय तुला."

"मी कुठं लगेच निघालोय? संध्याकाळच्या गाडीनं जाणार."

"तेच म्हनालो मी. आपन संध्याकाळीच पोचतोय न्हवं कावळा नाक्यावर, गाडीला."

प्रसेनजीतने मग गाठोड्याकडे बघितले. दारातून बाहेरच्या डब्यांकडे बघितले. ते येताना त्याला दिसलेच असणार. पण आता ते त्याने मोजल्यासारखे बघितले.

"आई, आज न्हाय न्यायचं जमत," तो म्हणाला. पुण्याची भाषा त्याच्या तोंडातून आपोआप गळून पडली. "संघप्रियाच्या आईंचं ऑपरेशन झालंय. गुडघ्याचं. त्या आल्यात आमच्याकडं."

"मग बरंच झालं की! मी बघतो त्यास्नी. त्येंचं जेवन, पानी, सगळं करतो. नाहीतरी माझं गुडघं बी तसलंच हायत, दोघी बोलत बसू."

ऑपरेशन खरे होते. पण ते पुरेसे नव्हते, हे आता दोघांनाही कळले.

"आई," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "दिवाळीत तू आलीस न्हवं. तवापास्नं ती म्हणतीय, आई येणार म्हटलं की मला फ्रीज उघडायची भीती वाटतीय."

"मी काय केलं तिला?"

"काय न्हाय केलंस. तू सगळं कपाट काढून वट्ट्यावर मांडलंस. तिच्या आईसमोर म्हणालीस, एवढ्यात माझ्या खानावळीतली चार पोरं जेवली असती."

"खरंच जेवली असती."

"जेवली असती गं. पण घर तिचं हाय. स्वतःच्या घरात चोरी सापडल्यासारखं झालं तिला. त्यो आठवडा मी तिला रडताना बघितलंय."

शेवंताबाईंना त्या आठवड्यातली संघप्रिया आठवली. दारात उभी. त्यांनी तर समजूत केली होती की ती शिकते आहे.

बाहेर डबे तापल्याचे टक-टक आवाज होत राहिले. मग शेवंताबाईंनी अगदी सहज विचारले, "त्या पिठाची थालीपीठं बरी झाली काय रं? डब्यात ठिवून आल्तो ते."

"मस्त झाली," प्रसेनजीत सुटल्यासारखा म्हणाला. "अक्षतानं दोन खाल्ली."

ते पीठ लाडवाचे होते, साखर घातलेले. शेवंताबाईंनी मान हलवली. "बरं झालं. पोरीला आवडली न्हवं," त्या म्हणाल्या.

तो उठला, खिशातले पाकीट चाचपले. "चल, बाहेर जेवू. दोघं जाऊन मस्त तांबडा-पांढरा खाऊ. आणि येताना गुंडूआण्णाकडनं महिन्याचं सामान भरून देतो."

यावेळी शेवंताबाई उठल्या. गुडघ्यावर हात दाबून, पण एका दमात.

"पंचवीस वर्सं दुनियेची पोरं ह्या पडवीत जेवून गेली, आनि माझं पोरगं हाटेलात जेवनार? बस हितं. बाहीरचं डबं आत आन, तापलं असतील, फडक्यानं धर." त्यांनी गाठोडे सोडून त्यातली कापडी पिशवी काढली. "सामान माझं मी आनतो. तुला काय कळतंय त्यातलं?"

दुकानात उन्हामुळे गिऱ्हाईक नव्हते. गुंडूआण्णा पंख्याखाली पेपर वाचत होता.

"आता गं बया! आक्का, वाट चुकलासा व्हय? का पुन्याचा बाजार बंद पडला?"

"लिव," शेवंताबाई म्हणाल्या.

त्या एका शब्दाच्या आवाजावरून गुंडूआण्णाने पेपर घडी केला आणि पेन्सिल कानावरून काढली. नंतर त्याने जे विचारले त्यात खोडी नव्हती. खानावळीचे सामान घेताना तो नेहमी तेच विचारायचा.

"किती मान्सांचं?"

शेवंताबाईंनी काउंटरच्या काचेवर हात ठेवला. आतल्या गोळ्यांच्या बरण्यांकडे पाहिले.

"आज दोघांचं. उद्यापास्नं एकाचं."

पेन्सिल थांबली आणि परत चालू लागली. तेल, मीठ, बेसन, तांदूळ, कांदे, लसूण. या बाईने त्याच्याकडून कधी पुडीत बांधून काही नेले नव्हते. पोती जात, तीही हमालाच्या पाठीवरून. आता तो कागद फाडून पुड्या बांधू लागला आणि त्याच्याच बोटांना ते अवघड जाऊ लागले.

"जोंधळ्याचं पीठ?" त्या म्हणाल्या. "दळून आनायला येळ न्हाय."

"तयार हाय. एकटी ऱ्हानारी पोरं न्हेत्यात, म्हनून ठेवतोय आता."

"दे."

"आनि चटनी? पाकीट हाय बघा, चांगलं चालतंय."

"पाकीट नको. वाळल्या मिरच्या हायत?"

"हंगाम संपला, आक्का. हायत थोड्या मागं. पर एवढ्याशाला डंकवाला हात लावायचा न्हाय."

"माझा हात हाय की."

त्याने मिरच्या तागडीत टाकल्या. पारडे खाली गेले तरी अजून एक ओंजळ टाकली, आणि घाईने कागदात ओतायला लागला. शेवंताबाईंनी त्याचे मनगट धरले.

"वजन बघ."

"असू दे की."

"असू दे काय? जास्त पडालंय." त्यांनी पारड्यातून मिरच्या उचलल्या, काटा सरळ होईपर्यंत एकेक परत पोत्यात टाकल्या, आणि मगच म्हणाल्या, "आता बांध."

घरी प्रसेनजीतने डबे आत आणून भिंतीकडे ओळीने लावले होते. शेवंताबाईंनी पिठले घोटले. चटणी नव्हती, म्हणून कांदा बुक्कीने फोडून वर मीठ टाकले. तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी त्यांनी त्याच्या ताटात टाकली, आणि तो ती मोडायची सोडून बघत राहिला.

"खा की. निवंल."

"पहिली हाय," तो म्हणाला.

"तर? पंक्तीला दुसरं कोन बसलंय?"

तो जेवला. चार भाकऱ्या खाल्ल्या, आणि प्रत्येक वेळी शेवंताबाईंनी 'वाढू काय?' विचारले आणि उत्तराची वाट न बघता वाढले. निघताना त्याने पाया पडून हातात नोटा ठेवल्या. त्यांनी त्यातली एक अक्षताच्या खाऊसाठी परत केली आणि बाकीच्या ठेवून घेतल्या. उगाच मानापमान केला नाही. "सासूबाईंस्नी म्हनावं, जिना चढू नका एवढ्यात," त्या म्हणाल्या. "आनि संघप्रियाला म्हनावं..." इथे त्या थांबल्या. "काय म्हनू नको. बरी हाय म्हनून सांग."

"दिवाळीला येतो न्यायला," प्रसेनजीत दारातून म्हणाला.

"सावकाश ये."

तो गेल्यावर त्यांनी दार लोटले, तवा परत ठेवला आणि मिरच्या भाजायला घेतल्या. खिडकी उघडायचे ध्यानात आले नाही. ठसका भिंतीवरून पलीकडे गेला असावा, कारण थोड्या वेळाने मागच्या दारात खतिजा खोकत उभी राहिली, तोंडाला पदर लावून.

"तुमीच हायसा व्हय? मला वाटलं, मोकळ्या घरात चोर शिरलं आनि चटनी कराय बसलं."

"मीच हाय."

"मग? गाडी चुकली?"

शेवंताबाईंनी मिरच्या उलथल्या. "न्हाय. गाडी गेली येळंवर."

खतिजाने आत येऊन आधी खिडकी उघडली, मग पाट ओढला, लसणाचा गड्डा घेतला आणि सोलायला बसली. खाली कागदावर सालांचा ढीग होत होता. आपण किती लसूण सोलायचा हे तिने विचारले नाही आणि शेवंताबाईंनी सांगितले नाही.

मग पाठमोऱ्याच शेवंताबाई म्हणाल्या, "जेवलीस काय गं?"

खतिजाच्या बोटांना लसणाच्या वासाखालून अजून घरी जेवलेल्या मटणाच्या रश्शाचा वास येत होता.

"न्हाय अजून," ती म्हणाली.

शेवंताबाईंनी तवा उतरवला, पिठाची पुडी पुढे ओढली आणि परातीत पाणी घेतले.